अहिल्याबाईंची साक्ष

जुन्या इंदुरातील आमच्या बाखळीत विठ्ठल-रखुमाईचे एक देऊळ आहे. कौलारू छप्पर, सहा सागवानी खांबांवर उभा असलेला आणि पन्नास माणसे दाटीने बसली की भरून जाणारा सभामंडप, आणि रस्त्याच्या बाजूला वाटसरूला घटकाभर टेकता येईल असा एक दगडी ओटला, एवढाच त्याचा विस्तार. इंदुरातील कापडगिरण्या चालत होत्या त्या काळी पहिल्या पाळीचे कामगार भोंगा होण्यापूर्वी येथे काकडआरतीला उभे राहत, आरती आटोपली की टाळ खुंटीला अडकवीत आणि अंधारातच मालवा मिलच्या वाटेला लागत, असे माझे वडील सांगत असत. गिरण्या बंद पडल्या, ते कामगारही गेले, पण खुंट्या अद्याप भिंतीत आहेत आणि पहाटेची आरती चुकलेली नाही. हे देऊळ उतरवून त्या जागी संगमरवराचे, उंच शिखराचे आणि दुमजली सभागृहाचे नवे मंदिर उभारावे, त्यासाठी बाखळीतील प्रत्येक घरावर वर्गणी बसवावी आणि मोठ्या रकमा देणाऱ्यांची नावे दर्शनी भिंतीवर कोरावीत, अशी सूचना करणारे छापील पत्रक गेल्या महिन्यात घरोघर पोचले. या पत्रकाला उत्तर देणे मला माझे कर्तव्य वाटते.

पत्रकाचे लेखक वयाने आणि अधिकाराने मला वडील आहेत. त्यांच्या भक्तीविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही आणि त्यांच्या हेतूवर मी या लेखात एक शब्दही बोलणार नाही. परंतु हेतू शुद्ध असला म्हणून सिद्धान्त शुद्ध ठरतो असे नाही, आणि पत्रकात मांडलेला सिद्धान्त एका देवळापुरता राहणारा नसल्यामुळे त्याचा परामर्श सविस्तर घेतला पाहिजे. त्यांचे म्हणणे तीन मुद्द्यांत येते. पहिला मुद्दा असा की, भव्य मंदिरे उभी राहिली म्हणून आपला धर्म उभा राहिला, आणि याला प्रमाण खुद्द देवी अहिल्याबाई होळकर. दुसरा असा की, आपण पक्क्या घरांत सुखाने राहावे आणि देवाला कौलांखाली ठेवावे, यात देवाचा उपमर्द आहे. आणि तिसरा असा की, सामान्य मनुष्याचे चित्त साधेपणावर ठरत नाही; त्याला भव्यतेचे आलंबन दिल्याशिवाय त्याची भक्ती जागी होत नाही.

इंदुरात अहिल्याबाईंचे नाव घेतले की वाद तेथेच मिटतो, इतकी त्या नावाची पुण्याई आहे, आणि ती तशीच राहावी अशी माझीही इच्छा आहे. पण ज्या साक्षीदाराच्या एका शब्दावर निवाडा व्हायचा, त्याची साक्ष नावापुरती नोंदवून चालत नाही. ती पुरती काढावी लागते. अहिल्याबाईंनी कोणाच्या पैशाने बांधले, काय बांधले, केवढे बांधले, आणि बांधून झाल्यावर आपल्या नावाचे काय केले, हे चार प्रश्न पत्रकाने विचारलेले नाहीत. ते मी विचारतो.

पैशाचा प्रश्न आधी घेऊ. होळकरांच्या दौलतीत सरकारी आणि खासगी अशी दोन खाती पृथक होती. १७३४ मध्ये अहिल्याबाईंचे सासरे मल्हारराव यांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे जी खासगीची जहागीर झाली, तिचे उत्पन्न हे घराण्यातील स्त्रीच्या मुखत्यारीचे होते, आणि पुढे तेच अहिल्याबाईंकडे आले. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी पुत्र मालेराव गेले, पती खंडेराव तर १७५४ सालीच कुंभेरीच्या वेढ्यात पडलेले होते. अशा सर्व बाजूंनी उजाड झालेल्या संसारात उभ्या राहून त्या बाईंनी खासगीच्या संचयावर तुळशीपत्र ठेवले, हातावर पाणी सोडले आणि तो धर्मकार्याला वाहिला. देशभर जे धर्मकार्य त्यांच्या नावाने सांगितले जाते, त्याचा आधार हा आहे. देवासाठी दिले ते त्यांनी आपले दिले. आता आमच्या पत्रकातील घरपट वर्गणी पाहा. ज्या घरात कमावता एक आणि खाणारे सात, त्या घराने न दिल्यास त्याचे नाव यादीत कोरे राहणार आणि ते साऱ्या बाखळीला दिसणार. असल्या भिडेने गोळा केलेल्या पैशाला खासगीचा दाखला लागू होत नाही.

त्यांनी काय बांधले? मंदिरे बांधली हे खरेच. परंतु मंदिरांच्या बरोबरीने घाट, विहिरी, बारवा, धर्मशाळा, पाणपोया आणि अन्नछत्रे यांची यादी वाचली म्हणजे ध्यानात येते की, या बाईंची दृष्टी देवाच्या घराइतकीच देवाच्या वाटेवर होती. तीर्थाला निघालेला मनुष्य कोठे उतरेल, कोठे पाणी पिईल, नदीत पाय घसरून पडणार नाही ना, याची चिंता त्यांनी दगडात बांधून ठेवली. सर जॉन माल्कम हा ब्रिटिश अधिकारी त्यांच्या निधनानंतर पाव शतकाच्या आतच माळव्यात माहिती गोळा करीत होता, आणि १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने जे नोंदविले आहे ते वाचताना आजही मन भरून येते. महेश्वराच्या आसमंतात उन्हाळ्याच्या दुपारी नांगराला जुंपलेले बैल थांबवून त्यांना पाणी पाजण्यासाठी बाईंची माणसे फिरत असत. आणि शेतकरी पाखरांना हाकलतात, मग त्यांनी खावे काय, म्हणून उभ्या पिकाची शेते विकत घेऊन त्यांनी ती पाखरांना मोकळी करून दिली होती. ज्या बाईंना देव बैलाच्या तहानेत दिसत होता, त्यांना संगमरवराच्या बाजूने साक्षीला बोलावताना आपण क्षणभर थांबले पाहिजे.

केवढे बांधले, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण या ठिकाणी पत्रकातील विधान वस्तुस्थितीच्या थेट विरुद्ध जाते. सोमनाथला १७८३ मध्ये अहिल्याबाईंनी बांधलेले मंदिर आजही, १९५१ साली प्रतिष्ठा झालेल्या नव्या मंदिराजवळ, उभे आहे. ते लहान आहे. प्रभासपट्टणच्या विध्वंसाचा सूड उंचीने घ्यावा असे त्यांच्या मनात आले नाही. लिंग सुरक्षित राहावे म्हणून त्यांनी ते भूमीखालच्या गाभाऱ्यात स्थापिले आणि पूजा चालू केली. काशीला विश्वेश्वराचे जे मंदिर त्यांनी १७८० मध्ये उभारले, तेही अरुंद गल्ल्यांच्या गर्दीत सामावणारे होते, आणि ज्या सोन्यासाठी आज त्याची ख्याती आहे ते सोने लाहोरच्या रणजितसिंहांनी अहिल्याबाईंच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी दिले. गयेचे विष्णुपद मंदिर मात्र खरोखर उंच आणि भव्य आहे, हे मी लपवीत नाही. भव्यतेचा त्यांना विटाळ होता असे माझे म्हणणे नाहीच. माझे म्हणणे एवढेच की, जेथे जे लागले तेथे ते त्यांनी केले, आणि भव्यता हे त्यांच्या धर्मकार्याचे माप कधीच नव्हते.

राहिला नावाचा प्रश्न. माल्कमनेच लिहून ठेवले आहे की, एका ब्राह्मणाने अहिल्याबाईंच्या स्तुतीचा एक ग्रंथ रचून त्यांना वाचून दाखविला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण एक दुर्बल, पापी स्त्री असून या स्तुतीला पात्र नाही असे सांगितले आणि तो ग्रंथ नर्मदेत टाकण्याचा हुकूम केला. ज्यांची स्वतःची स्तुती नर्मदेच्या तळाशी गेली, त्यांचा दाखला देऊन दात्यांची नावे दर्शनी भिंतीवर कोरण्याचा ठराव कसा मांडता येतो, हे पत्रकाच्या लेखकांनी आपल्या अंतःकरणाला विचारावे.

आणि या साक्षीत एक गोष्ट अशी आहे की, जी महेश्वरला जाऊन आजही डोळ्यांनी पाहता येते. तेथील वाड्यात नर्मदेच्या काठची काळी माती मळून तिची इवलीइवली शिवलिंगे हजारोंनी केली जातात, त्यांची पूजा होते आणि पूजा संपताच ती नर्मदेत विसर्जिली जातात. अहिल्याबाईंच्या काळापासून चालत आलेले हे लिंगार्चन अद्याप चालू आहे. काशीपासून सोमनाथपर्यंत पाषाण घडविणाऱ्या बाईंची स्वतःची नित्याची उपासना मातीची होती, आणि तीही संध्याकाळपर्यंत न ठेवण्याची! पाषाणाची मंदिरे त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी बांधली. देवाशी त्यांचे स्वतःचे जे बोलणे होते, त्याला मूठभर माती पुरत होती.

पत्रकाचा पहिला मुद्दा येथेच संपला असता; परंतु मंदिरे राहिली म्हणून धर्म राहिला, या विधानाचा इतिहासाशी मेळ बसतो का, हेही पाहू. काशीचे मंदिर १६६९ मध्ये पाडले गेले आणि नवे १७८० मध्ये झाले. मधली १११ वर्षे विश्वेश्वराला शिखर नव्हते. त्या काळात काशीयात्रा थांबली नाही, आणि गंगेच्या पाण्याच्या कावडी खांद्यावरून उतरल्या नाहीत. मंदिर पुन्हा बांधावे असे कोणाला तरी वाटले, ते या १११ वर्षांच्या श्रद्धेमुळे वाटले. श्रद्धा आधी होती, मंदिर मागाहून आले. हा क्रम पत्रकाने उलटा लावला आहे.

याहून स्पष्ट दाखला आपल्याच विठोबाचा आहे. विजयनगरच्या सम्राटांनी तुंगभद्रेच्या काठी विठ्ठलासाठी जे मंदिर उभारले, त्याला भारतात तुलना थोडी. ज्यांवर बोट वाजविले असता नाद उमटतो असे पाषाणाचे स्तंभ, आणि ज्याचे चित्र आज पन्नास रुपयांच्या नोटेवर आहे तो दगडी रथ, हे त्या मंदिराचे वैभव. आपली परंपरा सांगते की, पंढरीची मूर्ती राजाने विजयनगरला नेली होती आणि पैठणच्या भानुदासांनी, म्हणजे एकनाथांच्या पणजोबांनी, ती परत आणली. सम्राटाने बांधलेले घर सोडून देव एका सामान्य गृहस्थाबरोबर भीमेच्या वाळवंटात परतला, अशी ज्या समाजाने आपल्या देवाची कथा सांगितली, त्या समाजाला देवाची आवड कशात आहे हे शिकविण्याची गरज नाही. १५६५ मध्ये विजयनगर कोसळले. रथ तेथे आहे, स्तंभ तेथे आहेत, गाभारा रिकामा आहे. आणि पंढरपुरात, ज्या विटेवर देव उभा आहे, तिच्यापुढे आषाढीला लक्षावधी माणसे आजही पायी चालत येतात.

ती वीटच दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर आहे. देवाला उत्तम तेच द्यावे, हे तत्त्व मला शिरोधार्य आहे. परंतु उत्तम म्हणजे महाग, हे समीकरण कोणी मांडले? पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत होता. देव दाराशी आला तेव्हा त्याला सोडून उठणे त्याला जमले नाही, म्हणून त्याने हाताशी होती ती वीट मागे सरकवली, आणि देव तिच्यावर उभा राहिला तो आजतागायत उभा आहे. आसन म्हणून विटेहून हलके दुसरे काय असेल? पण त्या विटेच्या मागे जी सेवा होती ती उत्तम होती, आणि देवाने किंमत केली ती तिची. हा केवळ महाराष्ट्राचा हळवेपणा आहे असे कोणी म्हणू नये. बाराव्या शतकात सेक्किळार यांनी तमिळमध्ये रचलेल्या पेरियपुराणात पूसलार नावाच्या एका निर्धन भक्ताची कथा आहे. मंदिर बांधण्याची इच्छा अनावर, गाठीला पैसा नाही. म्हणून त्याने मनातल्या मनात पाया खणला, चिरा घडविला, शिखर चढविले आणि प्रतिष्ठेचा दिवस नेमला. त्याच दिवशी पल्लव राजा कांचीला आपल्या पाषाणमंदिराची प्रतिष्ठा करणार होता. रात्री शंकराने त्याला स्वप्नात सांगितले की, तुझा दिवस पुढे ढकल, मला उद्या पूसलाराच्या मंदिरात जायचे आहे. राजा ते मंदिर शोधीत त्या गावी गेला, आणि गावात मंदिर कोठेच नव्हते. कांचीचे मंदिर बांधणाऱ्याची त्या कथेत निर्भर्त्सना नाही, हेही लक्षात घ्यावे. राजाचे मंदिर देवाने नाकारले नाही, फक्त आधी कोठे जायचे ते सांगितले.

तिसरा मुद्दा भव्यतेने भक्ती जागते हा. भव्य वास्तू पाहून मनुष्याचे मन क्षणभर स्तब्ध होते, हे मी मान्य करतो. वेरूळच्या कैलासासमोर माझेही झाले आहे. पण मनुष्य स्तब्ध झाला म्हणजे भक्त झाला नाही, आणि ज्या मंदिराचा अभिमान वाढतो त्याच्या दाराची कडीही अनेकदा भक्कम होते, हा आपला अत्यंत दुःखद अनुभव आहे. मंगळवेढ्यात १३३८ साली गावकुसाची भिंत अंगावर पडून चोखामेळा गेला, तोवर त्याला विठोबाच्या गाभाऱ्यात पाऊल टाकू दिले गेले नव्हते; ज्याच्या हाडांतून विठ्ठलाचे नाव ऐकू येत होते असे परंपरा सांगते, त्याची समाधी महाद्वाराच्या बाहेर आहे. येथून सात-आठ कोसांवर महू येथे १८९१ मध्ये जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा त्या सुंदर काळ्या पाषाणाच्या मंदिराची दारे लावून घेतली गेली. विठोबाचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. भव्यता भक्ती जागवीत असती, तर या मंदिरांच्या व्यवस्थापकांची भक्ती सर्वांच्या आधी जागी व्हायला हवी होती.

आता जे लिहायचे ते लिहिताना हात जड होतो. ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीच्या दिवशी, याच शहरात पटेलनगरच्या बेलेश्वर महादेवाच्या मंदिरात हवन चालू असता पायांखालची जमीन खचली. जुन्या बावडीवर स्लॅब टाकून ती जागा मंदिरात घेतलेली होती. भाविक त्या बावडीत कोसळले आणि ३६ जणांचे प्राण गेले. जे गेले ते रामाच्या जन्मासाठी आले होते, त्यांची श्रद्धा निष्कलंक होती, आणि त्यांच्या घरांतील दुःखापुढे मी मस्तक नम्र करतो. परंतु त्या दिवसाने आपल्याला जे शिकविले ते विसरणे हा त्यांच्यावर दुसरा अन्याय होईल. अहिल्याबाईंनी देवळाच्या शेजारी बावडी खणली. आपण देवळाची जागा वाढावी म्हणून बावडी झाकतो. तहानलेल्याचे पाणी काढून घेऊन देवाची जागा वाढविता येत नाही. पुढे ती बावडीही बुजविली गेली.

कोणी विचारील, मग कौले गळू द्यायची काय? नाही. कौले उतरवून वासे तपासावेत, कुजलेले बदलावेत, गाभाऱ्यातील ओल काढावी; सागवानी खांब अजून शंभर वर्षे उभे राहतील, असे गावातले जाणते सुतार सांगतात. या दुरुस्तीसाठी जो जे स्वखुशीने देईल ते घ्यावे, आणि हिशेब देवळाच्या दारावर लावावा. त्याहून अधिक देण्याचे ज्यांना सामर्थ्य आहे, त्यांनी महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या आवारात एकदा रात्री जाऊन यावे. निमाडातून, धार-झाबुव्याच्या पाड्यांतून रोगी घेऊन आलेली माणसे तेथे उघड्यावर निजलेली दिसतील. मुंबईला रुग्णालयांत येणाऱ्या गोरगरिबांच्या नातेवाइकांसाठी गाडगे महाराजांनी धर्मशाळा बांधली, पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने बांधली. देवळे बांधण्याच्या वाटेला तो पुरुष गेला नाही, आणि त्याच्याइतका देव महाराष्ट्रात थोड्यांनीच पाहिला असेल. पत्रकातील दुमजली सभागृहाच्या खर्चात या लोकांसाठी दहा खोल्यांची एक धर्मशाळा उभी राहू शकेल. तिला विठोबाचे नाव द्यावे, कोणा दात्याचे देऊ नये.

या शहराचे नाव, आपण सर्व मानतो त्याप्रमाणे, पंढरीनाथाच्या परिसरातील इंद्रेश्वराच्या देवळावरून पडले. ते देऊळ लहान आहे. बाहेरगावच्या माणसाला विचारीत विचारीत जावे लागते. एवढ्या मोठ्या नगराला नाव देण्यासाठी त्याला मोठे व्हावे लागले नाही.

येत्या एकादशीला देवळात बैठक आहे आणि तीत हात वर करून निर्णय व्हायचा आहे. बाखळीतील प्रत्येक घराला माझी विनंती आहे की, त्या दिवशी संध्याकाळी बैठकीला येण्यापूर्वी पहाटेच्या काकडआरतीला एकदा यावे, त्या सहा खांबांमध्ये उभे राहावे, भिंतीतल्या खुंट्यांकडे पाहावे आणि देवाला येथे काय कमी पडते आहे ते त्यालाच विचारावे. मग हात वर करावा.